ट्रेडमिल, वॉच आणि ॲप, तिघांचे आकडे वेगळे: मग जळलेल्या कॅलरी खऱ्या किती?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे पुढचा हिशोब सगळ्यांनाच कळेल. वय ३८, उंची १६५ सेंमी, वजन ७० किलो. रोज ट्रेडमिलवर एक तास, स्पीड ताशी ५ किमी, चढ ४ टक्के, समोरचा दांडा धरून. त्या तासाचे ट्रेडमिल ३७५ कॅलरी दाखवतं, मनगटावरचं वॉच ४५५ आणि फोनमधलं चालण्याचं ॲप २५०. तुम्ही वॉचचा आकडा धरता आणि तेवढं जास्तीचं खाता, डाएट ॲपमध्ये ॲक्टिव्हिटी लेव्हल 'मॉडरेट' ठेवलीय, रोज ५०० कॅलरी कमी खायचं टार्गेट आहे, आणि दोन महिने झाले तरी वजन जागचं हललेलं नाही. तिघांतला कोणाचा आकडा खरा, आणि महागडं वॉच किंवा छातीचा पट्टा घेतला तर हे सुटेल का, असं विचारलंय.

तर ताई, पहिली गोष्ट अशी की तिघांपैकी कोणीच कॅलरी मोजत नाहीये. तिघंही दुसरंच काहीतरी मोजतायत आणि त्यावरून गणित करून अंदाज सांगतायत. आणि तिघांचे अंदाज वेगळे येण्यामागे अगदी साधी कारणं आहेत, तुमच्या बाबतीत तर ती एकेक करून दाखवता येतील इतकी साधी.

मी एक्सरसाइज फिजिऑलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. माणसाला मास्क लावायचा, ट्रेडमिलवर नाहीतर सायकलवर घालायचं आणि तो किती ऑक्सिजन आत घेतोय, किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतोय ते बघायचं, हे रोजचंच काम. कॅलरी 'मोजणं' म्हटलं तर ते हे. शरीरानं १ लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण ५ कॅलरी खर्च होतात (मी कॅलरी म्हणतेय ती खाण्याच्या पाकिटावर असते तीच, किलोकॅलरी), चरबी जास्त जळत असेल तर थोड्या कमी, कार्ब्स जळत असतील तर थोड्या जास्त, आणि नेमका हिशोब करायला वीर यांचं १९४९ चं समीकरण अजूनही वापरलं जातं. दुसरी पद्धत डबली लेबल्ड वॉटरची, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड पण निरुपद्रवी आयसोटोप असलेलं पाणी प्यायला देतात आणि पुढचे एक-दोन आठवडे लघवीचे नमुने तपासून रोजचा सरासरी खर्च काढतात. माणसांवर ही पद्धत १९८० च्या दशकात वापरात आली, खूप चांगली आहे, पण त्यातून आठवड्याची बेरीज कळते, आज संध्याकाळच्या एका तासाचं काय झालं ते कळत नाही. मनगटावरच्या यंत्रात यातलं काहीच नसतं, असूच शकत नाही.

मग तुमचे तीन आकडे आले कुठून?

फोनचं ॲप आधी बघू. फोनमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर आहे, त्यावरून पावलं मोजतो, तुम्ही भरलेलं वजन घेतो, आणि वेग धरून चालण्याचा खर्च काढतो. सपाटीवर ताशी ५ किमीनं चालणाऱ्या ७० किलोच्या माणसाचं नेहमीचं समीकरण सोडवलं तर तासाला साधारण २४८ कॅलरी येतात. तुमचं ॲप २५० म्हणतंय ते याच गणितानं. त्याला बिचाऱ्याला चढ माहितीच नाही, कारण ट्रेडमिलवर तुम्ही एकाच जागी असता, उंची बदलत नाही, फोनला कळणार कसं?

ट्रेडमिलला चढ माहीत आहे, कारण पट्टा तोच उचलतोय. त्याच समीकरणात ४ टक्के चढ घातला की आकडा तासाला ३७४ येतो. म्हणजे ट्रेडमिलनं गणित अगदी बरोबर केलंय. इथं एक बघून घ्या, मशीन सुरू करताना वजन विचारतं का आणि तुम्ही भरता का. तुमचं ७० आहे आणि बऱ्याच मशीनमध्ये आधीपासून त्याच्याच आसपासचं वजन धरलेलं असतं, त्यामुळे तुमचं जुळून जातं, पण ५० किलोची व्यक्ती वजन न भरता त्याच मशीनवर चालली तर तिलाही ३७५ च दिसेल आणि तिचा खरा खर्च २७० च्या पुढे जाणार नाही.

आणि आता दांडा. हे मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण प्रत्येक जिममध्ये हे दिसतं आणि कोणी बोलत नाही. आमच्याकडे टेस्ट चालू असताना माणसाला आम्ही आधीच सांगतो की दांडा धरायचा नाही, तोल जातोय वाटलं तर दोन बोटं टेकवा फक्त. तरी चढ वाढला की हात आपोआप पुढं जातात. आणि ज्या क्षणी माणूस दांडा घट्ट धरून अंग मागं टाकतो त्यानंतर मिनिटा-दोन मिनिटांत स्क्रीनवरची ऑक्सिजनची रेघ खाली यायला लागते, पाठोपाठ हार्ट रेट उतरतो, श्वास शांत होतो, चेहऱ्यावरचा ताणसुद्धा जातो. शरीराचं काही वजन हातांनी पेललेलं असतं आणि चढावर पुढं झुकायचं ते मागं झुकल्यामुळे चढ जवळजवळ खाऊन टाकलेला असतो. हात सोडायला सांगितले की रेघ परत वर. या सगळ्या वेळात ट्रेडमिलच्या डिस्प्लेवरचा कॅलरीचा आकडा मात्र तसाच एका लयीत वाढत असतो, कारण त्याला पट्ट्याचा वेग आणि चढ एवढंच कळतं, वर कोण कसं चालतंय ते नाही. त्यामुळे तुमचे ते ३७५ कागदावरचे आहेत. दांडा धरून किती कमी होतात ते किती जोर टाकता यावर आहे, पण कमी नक्की होतात, आणि चढ जितका जास्त तितका फरक मोठा.

राहिलं वॉच. ते हिरवा लाइट त्वचेत टाकतं, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो, त्यावरून हार्ट रेट काढतं. मग हार्ट रेट, वय, वजन, लिंग, हाताची हालचाल हे सगळं एका फॉर्म्युल्यात घालतं. हा फॉर्म्युला कंपन्या उघड करत नाहीत, पण मूळ कल्पना जुनी आहे आणि चूक नाही: एकाच माणसात, सलग चालू असलेल्या व्यायामात, हार्ट रेट आणि ऑक्सिजनचा वापर बऱ्यापैकी सोबत वाढतात. गोची अशी की हे नातं प्रत्येक माणसाचं वेगळं असतं. फिटनेस चांगला असेल तर हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून तेवढ्याच कामाला ठोके कमी लागतात. तुमचे १४० आणि तुमच्या शेजारच्या ट्रेडमिलवरच्या बाईचे १४० यांत कॅलरी सारख्या नाहीत. वॉच तुमच्यासाठी तुमच्या वयाचा सरासरी माणूस धरतं, मॅक्सिमम हार्ट रेट बऱ्याच वेळा वयावरूनच काढतं, आणि २२० वजा वय हे सूत्र एखाद्या माणसाच्या बाबतीत १० ते १२ ठोक्यांनी इकडेतिकडे सहज होतं.

शिवाय हृदय फक्त ऑक्सिजनसाठी जोरात धडधडत नाही ना. उकाडा, पाणी कमी पिणं, कॉफी, टेन्शन, अपुरी झोप, ताप, या सगळ्यांत ठोके वाढतात आणि कॅलरी त्या प्रमाणात वाढत नाहीत. एक तास एकाच वेगानं चाललात तरी शेवटच्या वीस मिनिटांत ठोके हळूहळू चढतात, अंग तापतं, घामावाटे पाणी जातं, काम मात्र तेवढंच असतं. वॉचला वाटतं तुम्ही जोर वाढवला. बंद खोलीत, पंख्याशिवाय ट्रेडमिलवर चालणाऱ्याचा आकडा फुगतो तो बऱ्याच वेळा यामुळेच. उलट बाजूही सांगते, बीपीसाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर ठोके फारसे वाढत नाहीत आणि वॉच आकडा कमी दाखवतं. अशा लोकांनी हार्ट रेटवरून कॅलरी आणि झोन (व्यायामाचा जोर दाखवणारे टप्पे) दोन्ही बघू नयेत, डॉक्टरांना विचारून दम किती लागतोय यावर व्यायामाचा जोर ठरवावा.

वेट ट्रेनिंगचं तर वॉचला जवळपास काही कळत नाही. जड वजन उचलताना स्नायू आवळले जातात, श्वास रोखला जातो, बीपी आणि ठोके चढतात, पण ऑक्सिजनचा वापर त्या हिशोबात वाढत नाही. मनगट वाकलं, हँडल घट्ट पकडलं की सेन्सरखालचा रक्तप्रवाहच बदलतो आणि हार्ट रेटसुद्धा धड येत नाही. धावताना, चालताना आणखी एक प्रकार होतो, वॉच सैल असेल तर ते ठोक्यांच्या ऐवजी पावलांचीच लय पकडतं, आणि मिनिटाला १६०-१७० पावलं म्हणजे १६०-१७० ठोके असं दाखवत बसतं. तुमच्या ग्राफमध्ये सुरू केल्या केल्या हार्ट रेट एकदम उंच जाऊन सपाट राहिलेला दिसला तर आधी पट्टा घट्ट करून बघा, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर.

आता हे नुसतं माझं मत नाही. स्टॅनफर्डच्या टीमनं २०१७ मध्ये सात वेगवेगळी मनगटी यंत्रं ६० लोकांना लावून ट्रेडमिल आणि सायकलवर तपासली, सोबत लॅबचं खरं मोजमाप चालू ठेवून. सातपैकी सहा यंत्रांची हार्ट रेटमधली चूक ५ टक्क्यांच्या आत होती, म्हणजे छानच. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगल्या यंत्राची चूक साधारण २७ टक्के आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. ती मॉडेल्स आता जुनी झाली हे खरं, सेन्सर सुधारलेत हेही खरं. पण या निकालात मला महत्त्वाचं हे वाटतं की ठोके नीट मोजूनही कॅलरी चुकल्या. म्हणजे दोष सेन्सरचा कमी आणि ठोक्यांवरून कॅलरीकडे जाण्याच्या त्या उडीचा जास्त, आणि ती उडी नव्या मॉडेललाही मारावीच लागते.

आता तुमच्या वजनाकडे येते, कारण खरा प्रश्न तोच आहे आणि तिथं तीन वेगवेगळ्या गडबडी एकावर एक चढल्यात.

पहिली, बसून राहिलात तरी जळणाऱ्या कॅलरी. वॉच आणि ट्रेडमिल जो आकडा देतात त्यात बहुतेक वेळा तुम्ही त्या तासात सोफ्यावर बसला असतात तरी जळल्या असत्या त्या कॅलरीही धरलेल्या असतात. काही वॉचमध्ये 'ॲक्टिव्ह' आणि 'टोटल' असे दोन आकडे वेगळे दिसतात, खाण्याचा हिशोब करायचाच असेल तर ॲक्टिव्ह बघायचा. तुमच्या ३७४ मधला आरामाचा भाग समीकरणात साधारण ७३ धरलेला आहे, तो काढला की व्यायामाचे म्हणून ३०० उरतात. तेही दांडा न धरता.

हा आरामाचा भाग कसा धरतात तेही सांगते, कारण बऱ्याच ॲप्सचा पायाच तो आहे. याला मेट म्हणतात. १ मेट म्हणजे शांत बसल्यावर मिनिटाला दर किलोमागे ३.५ मिली ऑक्सिजन, ढोबळमानानं तासाला किलोमागे १ कॅलरी. मग प्रत्येक कामाला मेट नेमून दिलेत, चालणं ३ ते ४, ताशी १० किमीच्या आसपास धावणं जवळपास १०, वगैरे. ही मोठी यादी बार्बरा एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये छापली, मग २०००, २०११ आणि २०२४ मध्ये सुधारली, आणि तुम्ही ॲपमध्ये 'योगा, ४५ मिनिटं' असं टाकता तेव्हा मागे बहुतेक हीच यादी किंवा तिचंच एखादं रूप काम करत असतं. ही यादी करणाऱ्यांनीच स्पष्ट सांगून ठेवलंय की एकेका व्यक्तीचा अचूक खर्च काढायला ती बनवलेली नाही, मोठ्या अभ्यासांमध्ये सगळ्यांची नोंद सारख्या पद्धतीनं व्हावी म्हणून ती आहे. ॲप्सनी ती उचलून व्यक्तीलाच लावली. आणि तो ३.५ सुद्धा सगळ्यांना लागू नाही. २००५ मध्ये ७६९ प्रौढांचं आरामातलं मोजमाप छापून आलं, त्यात सरासरी २.६ निघाली. म्हणजे नेहमीचं मेट त्या लोकांच्या आरामातल्या खर्चापेक्षा सरासरी ३५ टक्के जास्त होतं. किलोवर सगळं मोजतात, पण चरबी स्नायूंच्या मानानं फारच कमी जाळते, त्यामुळे चरबीचं प्रमाण जास्त असलेल्या माणसाला, म्हणजे वजन कमी करायला आलेल्या माणसालाच, हे सूत्र सगळ्यात जास्त फसवतं.

तुमचंच बघा. मेटच्या हिशोबानं दिवसभर नुसतं बसलात तर ७० गुणिले २४, म्हणजे १६८० कॅलरी. मिफ्लिन-सेंट जिओर यांच्या १९९० च्या सूत्रानं, जे आज बहुतेक आहारतज्ज्ञ वापरतात, तुमचा बीएमआर, म्हणजे पूर्ण आरामात दिवसभरात जळणाऱ्या कॅलरी, येतो १३८० च्या जवळ. एका दिवसात ३०० चा फरक, तोही तुम्ही काहीही न करता. आणि मिफ्लिनचं सूत्रसुद्धा एखाद्या माणसात १० टक्के वरखाली होणं अगदी सामान्य आहे.

दुसरी गडबड सगळ्यात मोठी. डाएट ॲपमध्ये 'मॉडरेट' निवडलंत की ते बीएमआरला १.५५ नं गुणतं. १३८० चे झाले २१३९. या १.५५ मध्ये तुमचा रोजचा व्यायाम आधीच धरलेला असतो, त्याचा अर्थच तो आहे. त्यातून ५०० वजा करून ॲपनं तुम्हाला १६३९ चं टार्गेट दिलं. मग वॉचमधून ४५५ आपोआप जोडले गेले, म्हणजे तोच तास दुसऱ्यांदा, तोही फुगवून. झाले २०९४. आता दुसऱ्या बाजूनं मांडा. बसून काम असणाऱ्या माणसासाठी गुणक १.२, म्हणजे १६५६, त्यात ट्रेडमिलचे खरेखुरे २५० ते ३००, म्हणजे १९०० ते १९५० च्या आसपास. घरात-बाहेर तुमची हालचाल जरा जास्त असेल तर २०५०, २१०० धरा. म्हणजे तुम्ही ५०० ची तूट आहे असं समजून जेवढं जळतंय तेवढंच खाताय. वजन दोन महिने स्थिर आहे ते यामुळे. थायरॉइड, मेटाबॉलिझम 'बंद पडणं' वगैरे शोधायला जायच्या आधी हे दुरुस्त करा. (दुसरी काही लक्षणं असतील, फार थकवा, केस गळणं, पाळी अनियमित, तर तपासणी जरूर करा, ती वेगळी गोष्ट आहे.)

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे आणि ती तुमच्या एकटीची नाही. आपण जे खाल्लं म्हणून लिहितो ते जवळजवळ नेहमी कमी असतं आणि व्यायाम जो केला म्हणतो तो जास्त. 'मी कमीच खातो तरी वजन उतरत नाही' असं म्हणणाऱ्या काही लोकांवर १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, लेबल्ड वॉटर वापरून केलेला. त्यांच्या सांगण्यात खाणं सरासरी ४७ टक्के कमी आणि हालचाल ५१ टक्के जास्त निघाली, मेटाबॉलिझम मात्र व्यवस्थित होतं. हे लोक खोटं बोलत नव्हते. तेल, मधले दोन घास, चाखून बघणं, हे लक्षातच राहत नाही. आता यावर वॉचचा फुगलेला आकडा ठेवा म्हणजे काय होतं ते दिसेल.

बरं, समजा वॉच अगदी अचूक असतं, तरी ४५५ जाळले म्हणून दिवसाच्या बेरजेत ४५५ पडलेच असं नाही. शरीर इतर ठिकाणी थोडं वाचवतं. सकाळी दमून व्यायाम झाला की दिवसभर माणूस नकळत कमी उठतो, कमी फिरतो, लिफ्ट घेतो. हर्मन पॉन्टझर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाद्झा लोकांचा रोजचा खर्च लेबल्ड वॉटरनं मोजला, २०१२ मध्ये छापून आलं. शिकार करणारे, कंदमुळं खणणारे, दिवसभर पायी फिरणारे लोक, पण शरीराचा आकार लक्षात घेतल्यावर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च शहरी पाश्चात्त्य लोकांपेक्षा वेगळा निघाला नाही. ही भरपाई नेमकी कोणात किती होते यावर आमच्या क्षेत्रात अजून वाद आहेत, आणि यावरून 'व्यायामाचा उपयोग नाही' असं म्हणणारे लोक मला अजिबात पटत नाहीत, कारण साखर, बीपी, हृदय, स्नायू, झोप, मन, सगळ्यासाठी तो तास सोन्याचा आहे. पण व्यायामाची कॅलरी आहे तशी उचलून ताटात वाढू नये, एवढं नक्की.

ट्रॅकर लावला की वजन जास्त उतरतं हेही गृहीत धरू नका. २०१६ मध्ये जामा या वैद्यकीय जर्नलमध्ये ४७१ जणांवरचा दोन वर्षांचा ट्रायल आला. सगळ्यांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन होतंच, पुढे एका गटाला दंडावर लावायचं यंत्र दिलं, दुसऱ्या गटानं साधी स्वतःची नोंद ठेवली. यंत्रवाल्यांचं सरासरी ३.५ किलो उतरलं, दुसऱ्यांचं ५.९.

मग करायचं काय. वॉच काढून टाका असं मी म्हणणार नाही. वॉच वेळ, पावलं, अंतर, चालताना-धावताना हार्ट रेट हे चांगलं सांगतं, आणि स्वतःची स्वतःशी तुलना करायला कॅलरीचा आकडाही चालतो, म्हणजे तोच व्यायाम, तेच वॉच, तीच सेटिंग, मागच्या महिन्यापेक्षा कमी की जास्त. तेही वजन उतरल्यावर प्रोफाइलमध्ये बदलत गेलात तर, आणि कंपनीच्या एखाद्या अपडेटनं मधेच फॉर्म्युला बदलला नाही तर.

खाण्याचा आकडा मात्र वॉचवरून काढायचा नाही, स्वतःच्या वजनावरून काढायचा. डाएट ॲपमध्ये वॉचची जोडणी बंद करा, म्हणजे व्यायामाच्या कॅलरी आपोआप जोडल्या जाणार नाहीत. मग चार आठवडे रोज सकाळी, उठून टॉयलेटला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी वजन करा आणि लिहा, आणि खाल्लेलं नेहमीच्या पद्धतीनं टाकत राहा. रोजच्या वजनावर विश्वास ठेवू नका, मीठ, झोप, बद्धकोष्ठता, पाळी यानं किलो-दीड किलो पाणी इकडेतिकडे होतं. प्रत्येक आठवड्याची सरासरी काढा. पाळी नियमित असेल तर चार आठवड्यांनी तुम्ही चक्राच्या साधारण त्याच टप्प्यावर असता, म्हणून आदल्या महिन्याचा तो आठवडा आणि या महिन्याचा तोच आठवडा यांची तुलना सगळ्यात खरी.

उदाहरण घ्या. समजा चार आठवड्यांत रोजचं सरासरी खाणं २००० आलं आणि आठवड्याच्या सरासरीत वजन त्या चार आठवड्यांत मिळून ०.४ किलो उतरलं. शरीराचं १ किलो वजन म्हणजे ढोबळमानानं ७७०० कॅलरी, म्हणून ०.४ गुणिले ७७०० म्हणजे ३०८०, भागिले २८ दिवस, म्हणजे रोजची तूट ११०. तर तुमचा रोजचा खर्च २११०, व्यायाम, चालणं, भरपाई, सगळं धरून. यापेक्षा चांगला आकडा तुम्हाला कुठलंही वॉच देणार नाही. आणि यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, तुम्ही खाणं रोज थोडं कमीच लिहीत असाल तरी फार बिघडत नाही. चूक दर दिवशी साधारण सारखीच असेल तर निघालेला खर्चही तेवढाच कमी निघतो, आणि पुढे टार्गेट ठरवताना दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. एका दिवशी प्रामाणिक आणि रविवारी लिहायचंच नाही असं मात्र चालणार नाही. ७७०० हा आकडाही लांब पल्ल्याला तसाच लागू होत नाही, वजन उतरत गेलं की खर्चही उतरतो, म्हणून दर पाच-सहा आठवड्यांनी हे गणित परत करायचं.

तूटही एकदम ५०० ची नको, तुमच्या आकाराला ३०० ठेवा, टिकेल. दांडा सोडा, त्यासाठी चढ ४ वरून २ करावा लागला तरी चालेल, हात हलवत २ वर चालणं हे दांड्याला लटकून ४ वर चालण्यापेक्षा कधीही चांगलं. आठवड्यातून दोनदा वेट ट्रेनिंग घाला आणि त्या दिवशी वॉच काय म्हणतं तिकडं बघूच नका.

हे वाचणाऱ्यांत लांब पळणारे, डोंगरात चढणारे लोकही असतील, त्यांच्यासाठी एवढं सांगते की वॉच कमीही दाखवू शकतं, पाठीवर ओझं असेल, वाट खडकाळ किंवा वाळूची असेल तर त्याला त्याचा पत्ता नसतो. तुम्ही आकड्याइतकंच खात राहिलात आणि सतत थकवा, पाळी बंद होणं, वारंवार हाडाला फ्रॅक्चर असं सुरू झालं तर ते अपुऱ्या खाण्याचं लक्षण आहे, ऑलिम्पिक समितीनं २०१४ पासून याला वेगळं नाव देऊन गंभीरपणे घेतलंय. आणि ज्यांना खाण्याबद्दल भीती, अपराधीपणा, खाल्लं की जाळायलाच हवं असं वाटतं, त्यांनी वॉचमधला कॅलरीचा डिस्प्ले सरळ बंद करावा आणि डॉक्टर किंवा समुपदेशकाशी बोलावं.

सायकलवाल्यांचं नशीब चांगलं. पॉवर मीटर पेडलवर खरंच किती काम झालं ते किलोज्यूलमध्ये मोजतं, आणि माणसाची कार्यक्षमता (खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेवढी पेडलपर्यंत पोचते ती) २० ते २५ टक्क्यांच्या अरुंद पट्ट्यात असल्यामुळे जितके किलोज्यूल जवळजवळ तितक्याच कॅलरी असा सोपा हिशोब जमतो. १५० वॉटनं एक तास म्हणजे ५४० किलोज्यूल, म्हणजे साधारण ५४० कॅलरी. लॅबच्या बाहेर यापेक्षा विश्वासू आकडा मी पाहिलेला नाही.

महागडं वॉच आणि छातीच्या पट्ट्याबद्दल. पट्टा हृदयाचा विद्युत संकेत पकडतो, इंटरव्हल आणि वेट्स करताना मनगटापेक्षा कितीतरी नीट चालतो, हार्ट रेट बघून ट्रेनिंग करायचं असेल तर घ्या. कॅलरीसाठी घेऊ नका, ठोके अचूक झाले तरी पुढचा फॉर्म्युला तोच राहणार. त्यापेक्षा पॉइंटनंतर एक-दोन आकडे दाखवणारा साधा वजनकाटा आणि स्वयंपाकघरातला छोटा काटा घ्या. चार आठवड्यांच्या सरासऱ्या हातात आल्या की इथं टाका, दांडा धरून की सोडून तेही लिहा, पुढचं टार्गेट आपण त्यावरून काढू.